विज्ञान केंद्रात मुलं नुसती बटणं दाबत पळतात, काय करायचं?

काना_मात्रा

परवाच्या रविवारी दोन्ही पोरांना घेऊन विज्ञान केंद्रात गेलो होतो. म्हणजे हात लावून, फिरवून, दाबून बघायचं असतं तसलं, काचेच्या कपाटातलं नाही. मुलगा आठ वर्षांचा, मुलगी पाच. जायच्या आधी आठवडाभर माझीच तयारी जोरात. आणि प्रत्यक्षात चिरंजीव आत शिरले आणि सुटले ते सुटलेच. बटण दाब, पळ. चाक गरगर फिरव, पळ. मी पाटीवरची पहिली ओळ वाचेपर्यंत हा चौथ्या यंत्रावर. एका ठिकाणी बटण दाबल्यावर काचेच्या नळीत वावटळ तयार होते, तिला जरा वेळ लागतो, तर ती वावटळ आम्ही तिघांनी पाहिली आणि ज्याने बटण दाबलं तो तोवर पसार.

घरी आल्यावर आजोबांनी विचारलं, काय काय पाहिलंस रे? तर म्हणे, "लिफ्टचा दरवाजा काचेचा होता आणि आतली चाकं दिसत होती."

नवऱ्याचं म्हणणं, प्रत्येक यंत्रापाशी हात धरून उभं करायचं, पाटी वाचून दाखवायची, मगच पुढे. मला ते काही पटत नाही, पण तीन तास असे वाया घालवायचे हेही पटत नाही. तुम्ही लोक काय करता? समजावून सांगता की सोडून देता? आणि कुठल्या वयात न्यावं?

भोवरा

लिफ्टची चाकं :D :D अहो तेही तंत्रज्ञानच की. पैसे वसूल.

निवांत नाना

पहिली चूक म्हणजे सगळं बघायला जाणं. आमचाही पहिला अनुभव असाच, चार मजले, दीडशे वस्तू, शेवटी मी एका बाकावर आणि नातू माझ्या मांडीवर झोपलेला. आता आम्ही पाचच गोष्टी ठरवतो. त्यातल्याही दोन होतात.

आणि हा थकवा तुमच्या-माझ्या वयाचा दोष नाही बरं का. बेंजामिन गिलमन नावाच्या बोस्टनच्या संग्रहालयातल्या माणसाने १९१६ साली यावर लेखच लिहिला होता. कपाटातल्या वस्तू नीट दिसाव्यात म्हणून बघणाऱ्याला कसं वाकावं, ओणवं व्हावं, मान वाकडी करावी लागते त्याचे चक्क फोटो काढून छापले. त्यामुळे कंबर धरली की मी आता अभिमानाने सांगतो, माझ्या दुखण्याला शंभर वर्षांची परंपरा आहे.

शक्य असेल तर मधल्या वारी, दार उघडायच्या वेळेला जा. रविवारी दुपारी गेलात तर दिसतात फक्त दुसऱ्यांच्या पाठी.

पेन्सिलतोड्या

मी नानांशी अर्धा सहमत, पण ताई तुमच्या यजमानांशी अजिबात नाही. पाटी वाचल्याशिवाय हात लावायचा नाही म्हटलं की तो वर्गच झाला ना! पळू दे की. पहिली फेरी पळायचीच असते. पोरं नवीन घरात गेली की आधी सगळ्या खोल्या धावत बघून येतात, तसंच. दुसऱ्या फेरीत कुठे परत जातं ते बघायचं. जिथे परत जातं ते त्याचं यंत्र.

सॅन फ्रान्सिस्कोचं एक्सप्लोरेटोरियम, म्हणजे असंच हात लावून बघायचं विज्ञान संग्रहालय, ज्याने १९६९ साली सुरू केलं तो फ्रँक ओपनहायमर, म्हणजे अणुबॉम्बवाल्या रॉबर्टचा धाकटा भाऊ, स्वतः भौतिकशास्त्रज्ञ. कम्युनिस्टांशी जुना संबंध होता म्हणून १९४९ मध्ये विद्यापीठातली नोकरी गेली, मग कोलोरॅडोत गुरं पाळली, मग तिथल्याच एका गावातल्या शाळेत विज्ञान शिकवलं. तिथून डोक्यात आलं की वस्तू हातात दिली की पोरं आपोआप प्रश्न विचारतात. त्याचं म्हणणंच होतं की संग्रहालयात कुणी नापास होत नसतं. आणि आपण घरी आल्या आल्या तोंडी परीक्षा घेतो, "काय पाहिलंस रे" :)

काना_मात्रा

आजोबांना हे वाचून दाखवलं. म्हणाले, "मी नापास कुठे केलं? लिफ्टचं उत्तर बरोबरच आहे."

सरळरेषा

पळू दे, पळू दे म्हणणाऱ्यांनी एकदा रांगेत उभं राहून बघावं. आम्ही गेलो तिथे एका दांडगोबाने हँडल असं काही हिसडलं की ते हातात आलं आणि आईसाहेब कौतुकाने व्हिडिओ काढत होत्या. माझी मुलगी त्याच हँडलसाठी दहा मिनिटं शहाण्यासारखी उभी होती. आणि त्याच मजल्यावर दर तिसऱ्या यंत्रावर "दुरुस्तीसाठी बंद" अशी पाटी. तिकीट मात्र पूर्ण. हात लावायचं संग्रहालय आहे, हात मोडायचं नाही, हे कोण शिकवणार?

माजी मार्गदर्शक

कॉलेजात असताना दोन वर्षं एका केंद्रात मार्गदर्शक होतो (कुठल्या ते विचारू नका), म्हणून जरा आतल्या बाजूने लिहितो.

सरळरेषा, दांडगोबा असतात हे खरं, पण सगळ्यात जास्त मार कुठलं बटण खातं माहितीये? जे उशिरा उत्तर देतं ते. दाबलं आणि लगेच काही हललं नाही, दिवा लागला नाही, की पोरगं समजतं बंद आहे. मग बुक्की, मग दोन्ही हातांनी, मग मोठा भाऊ येतो. काना_मात्रा, तुमची ती वावटळ नेमकी याच जातीची. आमच्याकडेही होती. आम्ही शेवटी बटणाशेजारी एक लाल दिवा बसवला, दाबलं की लगेच लागायचा. बस्स. बटण टिकायला लागलं आणि मुलंही थांबायला लागली, कारण आता त्यांना कळायचं की काहीतरी होऊ घातलंय. तुमचा मुलगा पळाला त्यात निम्मा दोष बनवणाऱ्याचा आहे असं मी म्हणेन.

दुरुस्तीचं म्हणाल तर एक्सप्लोरेटोरियममध्ये कारखाना पहिल्यापासून लोकांना दिसेल असाच ठेवलेला, लेथ चालतंय, वेल्डिंग चालतंय, लोक बघतायत. मोडणं हा तिथे लपवायचा विषय नाही. आमच्याकडे मोडलेली वस्तू चादरीखाली जायची आणि चादर महिनोन्‌महिने हलायची नाही. एका शहाण्याने "हे चादरीखाली काय आहे?" असा नवीन प्रयोग म्हणून तासभर रांग लावली होती.

पावसाळ्यात ते केस उभे करणारं यंत्र (व्हॅन डी ग्राफ) आमची लाज काढायचं. दमट हवेत विद्युतभार टिकतच नाही, गळून जातो. बाईंनी शंभर पोरांना सांगून आणलेलं असायचं की केस उभे राहणार आणि इथे एक केस हलेल तर शप्पथ. मग आम्ही आधी तासभर त्याच्या धातूच्या गोळ्याजवळ दिवा लावून ते सुकवत बसायचो.

दुपारची झोप

चादरीचा प्रयोग _/\_

चष्मिस

त्या केसांच्या यंत्राबद्दल एक सांगायचंय. माझा मुलगा मोठ्या आवाजाला प्रचंड घाबरतो आणि तिथे ठिणगीचा प्रयोग सुरू झाला की चटाक चटाक जो आवाज येतो त्याने तो कान दाबून जमिनीवरच बसला. लोक बघतायत, कुणीतरी म्हणालं "एवढा मोठा झाला आणि घाबरतो काय". आता मी गेल्या गेल्या विचारून घेते की आवाजाचे खेळ किती वाजता असतात, त्या वेळेला आम्ही दुसऱ्या टोकाला. शिवाय कान झाकायचा हेडफोन पिशवीत असतो. पाण्याचा विभाग असेल तर कपड्यांचा जास्तीचा जोड, हे तर सगळ्यांनाच लागू. फक्त वरचे कपडे नेऊ नका, मी एकदा ती चूक केलेली आहे, ओली चड्डी आणि तासाभराचा परतीचा प्रवास, पुढचं सांगत नाही.

तिरकी मान

आमच्या घरचा किस्सा. दोघं भाऊ सकाळपासून बोलत नव्हते, कारण गाडीत खिडकीची जागा. तिथे त्या दोन मोठ्या वाटोळ्या थाळ्या असतात बघा समोरासमोर, वीस-पंचवीस मीटरवर, एकीच्या तोंडाशी कुजबुजलं की दुसरीपाशी बसलेल्याला कानात बोलल्यासारखं ऐकू येतं. धाकट्याला एकीपाशी बसवलं, मोठा दुसरीकडे आपणहून गेला. मधे एवढी गर्दी, कलकलाट. मी मोठ्याच्या मागे उभी, मला काही म्हणजे काही ऐकू येत नाही. आणि याच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू. काय म्हणाला रे तो? तर म्हणे, "काही नाही, शिव्या देतोय."

पुढची पंधरा मिनिटं दोघं एकमेकांना त्या थाळ्यांतून शिव्या देत होते. नंतर मोठ्याला शोध लागला की डोकं जरा बाजूला घेतलं की शिवी ऐकू येत नाही, परत त्याच जागी आणलं की येते. मग तो ती जागा बोटाने शोधत बसला. केंद्रबिंदू हा शब्द मी उच्चारलासुद्धा नाही, पुढे शाळेत आल्यावर तोच म्हणाला, "ते शिव्यांचं ठिकाण ना?"

निवांत नाना

शिव्यांचं ठिकाण! पाठ्यपुस्तकात घ्या हे.

सूक्ष्मदर्शी

जरा वेगळा मुद्दा. समजावून सांगायचं की नाही हा वाद ठीक, पण पाटीवर जे लिहिलेलं असतं ते तरी बरोबर असतं का? फुग्यासारखा चेंडू हवेच्या झोतात तरंगतो ते यंत्र सगळीकडे असतं. पाटीवर ठरलेलं वाक्य : वेगवान हवेचा दाब कमी असतो म्हणून चेंडू आत ओढला जातो, हा बर्नुलीचा नियम. मुलं मान डोलावतात, आईबाप मान डोलावतात. पण झोत उघड्या हवेत आला की त्याचा दाब भोवतालच्या हवेइतकाच असतो, नुसता वेगवान आहे म्हणून कमी होत नाही. होतं असं की झोत चेंडूच्या गोल अंगाला चिकटून वळतो (याला कोआंडा परिणाम म्हणतात), चेंडू हवेला एका बाजूला वळवतो आणि हवा चेंडूला उलट्या बाजूला ढकलते. झोत तिरका केला तरी चेंडू पडत नाही तो यामुळे. ताळा करायचा असेल तर चेंडूच्या पलीकडे हात धरून बघा, हवा सरळ न येता वळून आलेली लागते.

पेन्सिलतोड्या

आला सूक्ष्मदर्शी :) बरं मग बर्नुली खोटा का?

सूक्ष्मदर्शी

बर्नुली खोटा नाही, तो चुकीच्या ठिकाणी उभा केलाय. आणि मुद्दा तोच आहे, पाटी वाचण्यापेक्षा हात धरलेला बरा.

भोवरा

म्हणजे एवढा तास घेऊन तुम्ही पण "सोडून द्या" पक्षातच. स्वागत आहे.

सरळरेषा

मी नाहीये त्या पक्षात. पृथ्वी फिरते हे दाखवणाऱ्या त्या लंबकाचं काय करणार? तिथे सांगितल्याशिवाय काय कळणार कुणाला? एक गोळा इकडून तिकडे जातोय, मुलं दहा सेकंद बघतात आणि चालू लागतात.

निवांत नाना

सरळरेषा, हा माझा आवडता विषय, त्यामुळे जरा लांबणार. फूको नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५१ साली पॅरिसच्या पँथिऑन या इमारतीत ६७ मीटर तारेला २८ किलोचा गोळा टांगला, एक येरझार व्हायला साडेसोळा सेकंद. लंबक आपल्या रेषेत झुलत राहतो आणि खालची जमीन फिरते, पण आपण जमिनीवरच उभे म्हणून आपल्याला रेषा वळल्यासारखी दिसते. ध्रुवावर रेषेची एक फेरी २४ तासांत, विषुववृत्तावर वळतच नाही, आणि मधे कुठे आहात त्यावर वेळ ठरते. ३० अक्षांशावर बरोबर ४८ तास, म्हणजे ताशी साडेसात अंश.

पण हे नातवाला सांगून उपयोग झाला नाही, ते मान्य. उपयोग झाला तो खुंट्यांचा. गोलात छोट्या खुंट्या उभ्या केलेल्या असतात आणि गोळा सरकत सरकत त्या पाडत जातो. त्या पाच-पाच अंशांवर असतील तर वरच्या हिशोबाने चाळीस मिनिटांत एक पडणार. आम्ही पोचलो तेव्हा गोळा एकीला नुसता घासून जात होता. ती डुलायची, पडायची नाही. हळूहळू तिथे पंधरा-वीस माणसं जमली, अनोळखी, कुणी बोलत नाही, दर झोक्याला "आत्ता... आत्ता... नाही". पडली तेव्हा टाळ्या! आणि नातू म्हणाला, "आजोबा, तिला कुणी पाडलं?" आता सांगा पृथ्वीने पाडलं. तेव्हा सांगितलेलं डोक्यात जातं. आधी सांगितलेलं जात नाही, एवढाच माझा अनुभव.

चष्मिस

नाना, अंगावर काटा आला. पुढच्या वेळी खुंटीपाशी डेरा.

दुपारची झोप

किती वरचा सूर ऐकू येतो ते तपासायच्या यंत्राचं कुणी लिहिलं नाही? सूर चढत चढत बारीक होत जातो, ऐकू यायचा थांबला की बटण सोडायचं. आमचे "हे" १२ हजार हर्ट्झच्या पुढे थांबले आणि वर मुलांना सांगतायत यंत्र बिघडलंय. मागच्या रांगेतली सहा-सात वर्षांची पोरं कानावर हात ठेवून "ई ई ई बंद करा" करतायत, मुलगी १७ हजारांवर आरामात उभी, आणि हे मार्गदर्शकाला बोलवायला निघाले. वय वाढलं की वरचे सूर आधी जातात हे त्या बिचाऱ्या मुलाने इतक्या आदराने सांगितलं की यांना "बरोबर आहे" म्हणावंच लागलं.

माजी मार्गदर्शक

हाहा, रोज एक तरी बाबा "यंत्र बिघडलंय" म्हणायचे. तांबं आणि ॲल्युमिनियमच्या पत्र्यांवर हात ठेवून वीज तयार करायच्या यंत्रावर उलटं व्हायचं. तिथे तळहातावरचा घाम बॅटरीतल्या द्रवाचं काम करतो, त्यामुळे घामट हातांची सुई जास्त सरकते आणि बाबा जिंकायचे. मग शक्ती दाखवल्यासारखे फोटो.

वीणकाम

इतके दिवस फक्त वाचत होते, आज लिहिते. एक खटकलं म्हणून. धाग्यात एवढे किस्से आले, बहुतेक मुलांचे. आजोबा-नातू, भाऊ-भाऊ. मुलगी आली ती "शहाण्यासारखी रांगेत उभी".

२००१ मध्ये सायकॉलॉजिकल सायन्स या नियतकालिकात एक अभ्यास आला होता, कॅलिफोर्नियातल्या एका बालसंग्रहालयात आईबाप मुलांशी काय बोलतात ते रेकॉर्ड केलेलं. यंत्र कसं वापरायचं, काय दिसतंय, हे मुलगा-मुलगी दोघांनाही सारखंच सांगत होते. पण हे असं का होतं याचं स्पष्टीकरण मुलग्यांना मुलींच्या तिप्पट वेळा दिलं गेलं. आयांनीही आणि बाबांनीही, आणि मुलं अगदी लहान असतानाच. कुणी मुद्दाम करत होतं असं नाही.

पेन्सिलतोड्या

पण मग वर आपण सगळे म्हणतोय की समजावू नका, मग ज्यांना समजावलं नाही त्या मुली फायद्यातच की :)

वीणकाम

न समजावणं आणि तिला प्रश्नच पडला नसेल असं धरून चालणं यात फरक आहे हो.

पेन्सिलतोड्या

मान्य. विनोद मागे घेतो.

काना_मात्रा

वीणकाम, तुमचा प्रतिसाद वाचून मी उठून पाणी प्यायले. कारण अख्खा धागा मी मुलावर काढलाय. मुलगी त्या दिवशी काय करत होती ते मला आठवतच नाही. आठवतं ते एवढंच की मी तिचा हात धरून "चल चल, दादा कुठे गेला बघू" करत होते. वावटळीपाशी ती थांबली होती बहुतेक. मीच ओढलं.

माजी मार्गदर्शक

अहो, निम्म्या घरांत हेच चालतं. जे पळतं त्याच्यामागे सगळे.

दुपारची झोप

मग परत जाणार की नाही?

काना_मात्रा

(तीन आठवड्यांनी) जाऊन आलो. मधल्या वारी, नानांचं ऐकून. मुलगा बाबांच्या ताब्यात, मुलगी माझ्याकडे, आणि ठरवलं होतं की ती हलल्याशिवाय मी हलायचं नाही.

ती थांबली उष्णता दाखवणाऱ्या कॅमेऱ्यापाशी. पडद्यावर आपण दिसतो, गरम भाग उजळ, गार भाग काळा. माझा चष्मा काळाकुट्ट, कारण त्या किरणांना काचेतून जाता येत नाही (हे मी पाटीवर वाचलं, तिला सांगितलं नाही). तिने भिंतीवर हात टेकला, काढला, तर पडद्यावर हाताचा उजळ ठसा तसाच. मग पुसट, मग गेला. परत. परत. मग माझ्या पाठीवर, मग खुर्चीवर. मला दर दोन मिनिटांनी तोंडात शब्द येत होते ते गिळत होते, नवऱ्याला काय त्रास होत असेल ते कळलं. मग म्हणाली हात धुवायचेत. गेलो. आली ती ओला हात तशीच भिंतीवर ठेवला आणि काळा पंजा उमटला! आणि तो पांढऱ्यापेक्षा बराच जास्त वेळ टिकला. बेसिनपर्यंत एकूण चार फेऱ्या झाल्या. तेवढ्यात दादा धावत आला आणि बटण शोधायला लागला, तर ही म्हणते, "बटण नाहीये. आधी हात धुऊन ये." आणि तो गेला! धुऊन आला आणि तिच्या शेजारी उभा राहिला.

चाळीस मिनिटं गेली तिथे. लंबकाकडे जायचं राहिलं, नाना माफ करा.

सूक्ष्मदर्शी

काळा जास्त टिकला कारण पाणी सुकताना भिंतीची उष्णता घेत राहतं. तिला सांगू नका.

निवांत नाना

माफ. खुंट्या परत उभ्या करून ठेवतात.

भोवरा

बाकी सगळं ठीक, पण लिफ्ट?

काना_मात्रा

पाच वेळा! बाबांना घेऊन साहेब तिथेच होते. मला हाताला धरून नेलं आणि काचेतून दाखवलं, आपण वर जातो तेव्हा मागून एक मोठा लोखंडाचा ठोकळा खाली येतो. "आई, तो नसता तर मोटरला आपल्याला सगळं एकटीला उचलावं लागलं असतं." बाबांनी सांगितलं का विचारलं, तर बाबांनाही त्यानेच दाखवलं होतं म्हणे.